लेखणीची निब

शाईने लिहिण्याच्या लेखणीचा जो धातूचा भाग प्रत्यक्ष कागदाला टेकतो, त्याला निब म्हणतात. दौतीत बुडवून लिहिण्याच्या टाकाला आणि अंगातच शाईचा साठा असलेल्या झरणीला (फाउंटन पेनला) निब असते. बॉलपेनला ती नसते. रेषा काढणे एवढेच निबेचे काम नाही. रेषा कोठे जाड व कोठे बारीक व्हावी, हेही बऱ्याच अंशी तीच ठरविते. हा जाडबारीकपणा दोन अगदी वेगळ्या कारणांनी निर्माण होतो. अणकुचीदार व लवचिक निबेत तो हाताच्या दाबाने येतो. रुंद धारेच्या निबेत धारेच्या कोनाने येतो. कोणती निब घ्यावी, या प्रश्नाचे उत्तर म्हणून लिपीवर अवलंबून असते. बाजारात मिळणाऱ्या निबांचे आकार रोमन लिपीच्या गरजेतून ठरले आहेत आणि देवनागरीची गरज त्याहून वेगळी, किंबहुना एका बाबतीत नेमकी उलट आहे. मराठी लिहिणाऱ्याच्या दृष्टीने निबेच्या निवडीतील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच होय.

रचना : निब म्हणजे पोलादाचा किंवा सोन्याच्या मिश्रधातूचा वक्राकार पातळ पत्रा. त्याच्या टोकापासून मागे एक चीर जाते व ती सहसा एका लहान छिद्रापाशी संपते. चिरेच्या दोन बाजूंना निबेचे पाय म्हणता येईल. शाई चिरेतून टोकाकडे येते ती मुख्यतः केशाकर्षणाने. झरणीत निबेखाली बारीक खाचा असलेली जीभ बसविलेली असते. तिच्यातून शाई खाली येते आणि तेवढीच हवा आत जाते. या दोहोंचा मेळ न बसल्यास पेन एकतर गळते किंवा लिहिताना मध्येच कोरडे पडते. ल्यूइस एडसन वॉटरमन यांनी न्यूयॉर्क येथे १८८४ मध्ये ज्या पेनाचे एकस्व घेतले, त्याचे महत्त्व या शाईपुरवठ्याच्या रचनेत होते. निबेच्या टोकाला ऑस्मियम, इरिडियम, रुथेनियम यांसारख्या कठीण धातूंच्या मिश्रणाचा मणी डाकवितात, कारण कागदाच्या सततच्या घर्षणाने पोलाद अथवा सोने लवकर झिजते. टाकाच्या निबेला असा मणी नसतो; ती झिजली की बदलावयाची असते.

सोन्याची निब मऊ व पोलादाची कडक असते, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. निबेची नमनशीलता धातूपेक्षा तिच्या घडणीवर अधिक अवलंबून असते. एका टोकाला धरलेल्या पट्टीच्या नियमानुसार पत्र्याची जाडी निम्मी केल्यास तेवढ्याच दाबाने ती आठपट वाकते, आणि पायांची लांबी दुप्पट केल्यासही तेवढीच, म्हणजे आठपट वाकते. त्यामुळे जाड पत्र्याची १४ कॅरटची निब खिळ्यासारखी कडक असू शकते आणि टाकाची स्वस्त पोलादी निब अत्यंत लवचिक असू शकते. सोन्याचा खरा लाभ म्हणजे ते गंजत नाही. अगंज पोलादाने तोही लाभ बराचसा कमी केला आहे. केवळ अक्षर चांगले यावे म्हणून सोन्याच्या निबेसाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

दाबाने फुगणारी रेषा : अणकुचीदार निबेवर दाब दिला की तिचे पाय फाकतात, चीर रुंदावते व रेषा जाड होते, दाब काढला की पाय पुन्हा जुळतात. अठराव्या व एकोणिसाव्या शतकांतील इंग्रजी तिरपे वळण या गुणावर उभे राहिले. खाली येणारी रेषा दाबाने भरदार आणि वर जाणारी केसासारखी बारीक, अशी त्याची रीत. बर्मिंगहॅम येथील जोसेफ गिलट व इतर कारखानदारांनी १८३० च्या सुमारास पोलादी निबा यंत्राने घडविण्यास आरंभ केला, तेव्हा हे वळण जगभर पसरले. ब्रिटिश अमदानीत भारतातील कचेऱ्यांत व शाळांत जो टाक आला, तो याच निबेचा.

ही निब वर ढकलताना दाबता येत नाही, कारण तिची टोके कागदात रुततात. ती आडवी ओढतानाही फारशी फाकत नाही. म्हणून ती उभी रेषा जाड आणि आडवी रेषा बारीक काढते. देवनागरीला हे मानवत नाही. देवनागरीचे बहुतेक अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. उभा दंड भरदार आणि शिरोरेषा केसासारखी झाली, तर अक्षरे आधार सुटल्यासारखी दिसतात. शिवाय देवनागरीत गाठी, गोलाई व उलटी वळणे इतकी आहेत, की दाब कोठे द्यावा व कोठे काढावा याचा नियम एका अक्षरावरून दुसऱ्यावर नेता येत नाही. झरणी जमविणाऱ्या हौशी मंडळींत लवचिक निबांचे कौतुक फार आहे. सही करण्यास किंवा इंग्रजी पत्रलेखनास ते रास्त आहे. मराठी लेखनात मात्र अशा निबेचा बहुधा उपद्रवच होतो. अनवधानाने अधिक दाब पडल्यास पाय स्थितिस्थापकतेची मर्यादा ओलांडतात आणि निब कायमची फाकते. मग ती दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे सोपे.

कोनाने बदलणारी रेषा : रुंद धारेच्या निबेत दाबाचे काम नाही. धार ज्या दिशेने आहे त्याच दिशेने ओढली तर रेषा बारीक येते. धारेशी काटकोनात ओढली तर धारेच्या पूर्ण रुंदीची येते. मधल्या दिशांना मधली जाडी मिळते. समजा धार १ मिमी. रुंद असून ती ओळीशी ३० अंशांचा कोन करते. तर उभी रेषा सु. ०·८७ मिमी. आणि आडवी रेषा ०·५० मिमी. जाडीची येईल. कोन ४५ अंशांचा केल्यास दोन्ही सारख्याच, म्हणजे सु. ०·७१ मिमी. होतील. एवढे गणित ध्यानात ठेवले तर लिहिताना लागणारा बराचसा अंदाज येतो. शिरोरेषा दंडाच्या तोडीची हवी असेल, तर कोन ४५ अंशांच्या आसपास असावा लागतो आणि दंड थोडा वजनदार हवा असेल तर तो कमी करावा लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी यूरोपात या जुन्या पद्धतीचे पुनरुज्जीवन झाले. एडवर्ड जॉन्स्टन यांचा १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेला सुलेखनावरील ग्रंथ त्याला मुख्यतः कारणीभूत झाला.

आता रोमन व देवनागरी यांतील भेद पाहू. वरील गणितात धार कोणत्या बाजूला कलली आहे, हे सांगितलेले नाही. उभ्या व आडव्या रेषांना त्याने फरक पडत नाही. तिरप्या रेषांना व गोलाईला मात्र पडतो. रोमन लेखनात धार डावीकडे खाली व उजवीकडे वर अशी कललेली असते. त्यामुळे त्या लिपीतील वर्तुळाकार अक्षर वर-डावीकडे व खाली-उजवीकडे बारीक होते आणि उरलेल्या दोन बाजूंना जाड. परंपरागत देवनागरीत धार डावीकडे वर व उजवीकडे खाली अशी कललेली असते. म्हणून ‘ठ’चे वर्तुळ वर-डावीकडे व खाली-उजवीकडे जाड आणि वर-उजवीकडे व खाली-डावीकडे बारीक होते. ‘व’ किंवा ‘ब’ यांच्या पोटाची रेषाही डावीकडे वरच्या अंगाला भरदार असून खाली वळताना निमुळती होते. रोमन वळणाची रुंद निब घेऊन सवयीच्या कोनाने मराठी लिहिल्यास हीच अक्षरे उलट्या बाजूंनी जड होतात. वाचणाऱ्याला अक्षर चुकलेले दिसत नाही, पण ते परके वाटते. हाताला दोष देऊन पुस्तीमागून पुस्ती काढली तरी हा परकेपणा जात नाही, कारण तो हातात नसून निबेत असतो.

महाराष्ट्रातील परंपरा : देवनागरीचा हा कल बोरूतून आला आहे. बोरू म्हणजे एका जातीच्या पोकळ वेताची लेखणी. ती चाकूने तासून तिचे टोक तिरपे छाटीत आणि मध्ये चीर पाडीत. लिहिणाराच लेखणी घडवीत असल्याने ती लिपीला, हाताला व अक्षराच्या आकाराला जुळवून घेता येई. विकत घेतलेल्या निबेत ही सोय उरली नाही. समर्थ रामदासांच्या दासबोधातील एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेवर आहे. त्यात बोरू, टाक तोडण्याच्या तऱ्हा, शाई, कागद यांचा विचार केलेला असून ग्रंथ पहिल्यापासून शेवटच्या अक्षरापर्यंत एकाच टाकाने लिहिल्यासारखा दिसावा, अशी अपेक्षा व्यक्त केली आहे. टोक झिजत जाणाऱ्या बोरूच्या बाबतीत ही अपेक्षा किती कठोर होती, हे बोरूने दोन पाने लिहून पाहिल्याशिवाय कळत नाही. मराठीत लेखनावर उपजीविका करणाऱ्याला ‘बोरूबहाद्दर’ म्हणतात. त्या शब्दात थट्टा असली, तरी बोरू चालविणे हे कसब होते ही जाणीवही तीत आहे.

मोडी लिपीची गरज निराळी होती. हात शक्य तितका न उचलता, ओळीच्या आरंभीच आखलेल्या शिरोरेषेखाली ती वेगाने लिहीत. तिच्यात जाडबारीकपणापेक्षा ओघाला महत्त्व. म्हणूनच आंग्लकालात पोलादी निबेचा टाक आला, तेव्हा मोडीच्या लेखकाला तो लवकर पचनी पडला. बालबोध अक्षराचे तसे झाले नाही. पोथ्यांतील व बोरूने गिरविलेल्या कित्त्यांतील जाडबारीकपणा टाकाबरोबर ओसरत गेला आणि पुढे बॉलपेनाने तो पूर्णपणे संपविला. तो टिकला छापखान्यात. मुंबईत जावजी दादाजी चौधरी यांनी स्थापन केलेल्या निर्णयसागर छापखान्याच्या खिळ्यांत बोरूच्या अक्षराची ठेवण धातूत उतरली होती. मराठी वाचकाच्या डोळ्याला सुंदर बालबोध अक्षराची जी सवय आहे, ती पुष्कळशी या छापील अक्षरातून आलेली आहे. लिहिण्याचे साधन गेले आणि त्याची छाप वाचनात राहिली, अशी ही चमत्कारिक स्थिती होय.

मुंबईच्या उपनगरांशी या विषयाचा संबंध दोन अंगांनी येतो. शाई व लेखनसाहित्याच्या व्यवसायात दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये गिरगावात सुरू केलेला शाईची पूड व वड्या बनविण्याचा उद्योग पुढे ‘कॅमलिन’ या नावाने प्रसिद्धीस आला आणि अंधेरी येथे विस्तारला. २०११ मध्ये जपानमधील कोकुयो या कंपनीने त्यात मोठा हिस्सा घेतला. महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांची शाळेतली दौत, पेन व रंगपेटी या उद्योगाची होती. दुसरे अंग अभ्यासाचे. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६९ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात रघुनाथ कृष्ण जोशी (१९३६–२००८) यांनी १९८३ ते १९९६ या काळात अक्षररचनेचे अध्यापन केले व नंतर जुहू येथील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात संगणकासाठी भारतीय लिप्यांचे अक्षरसंच तयार केले. संगणकावर दीर्घकाळ सर्वाधिक दिसलेला ‘मंगल’ हा देवनागरी अक्षरसंच त्यांचा आहे. धारेची लेखणी हातात घेऊन लिपीचा अभ्यास करणारा कलावंत पडद्यावरचे अक्षर घडवितो, हा क्रम लक्षणीय आहे. मराठी नाटकांच्या जाहिरातींना व ग्रंथांना आपल्या शीर्षकाक्षरांनी चेहरा देणारे कमल शेडगे (१९३५–२०२०) आणि मोडीच्या वळणांचा सुलेखनात नव्याने उपयोग करणारे अच्युत पालव (पद्मश्री, २०२५) यांचे कार्यक्षेत्रही मुंबईच होय. सुलेखनाच्या कार्यशाळांतून विद्यार्थ्यांना आरंभी बहुधा छाटलेली बांबूची काडी किंवा चपटा ब्रश देतात, महागडी निब नव्हे; कोन समजण्यास तेवढे पुरते.

निवड : प्रथम रुंदी ठरवावी. देवनागरी अक्षराची शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची धारेच्या रुंदीच्या साधारणपणे चार ते सहा पट असावी. त्याहून कमी झाल्यास अक्षराचे पोट बुजते, अधिक झाल्यास जाडबारीकपणा जाणवत नाही. नेहमीच्या आखीव वहीत दोन ओळींत सु. ८ मिमी. अंतर असते. वर वेलांटी, रफार व अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे पाय यांना जागा सोडली, तर मधल्या अक्षराला जेमतेम ४ मिमी. मिळतात. म्हणजे धार ०·७ ते १ मिमी. यांच्या दरम्यान हवी. रोमन लेखनासाठी सर्रास विकली जाणारी १·१ मिमी. ची निब मराठी वहीत काहीशी जाडच पडते. ‘ष्ट’, ‘क्ष’, ‘द्ध’ ही अक्षरे तिने लिहून पाहावीत. त्यांतील पोकळ्या मोकळ्या राहिल्या तर निब चालेल. केवळ ‘ग म न’ लिहून निब पारखणे म्हणजे उतारावर बैल पारखण्यासारखे आहे. पत्रिका, मानपत्रे, प्रमाणपत्रे यांसाठी दीड ते चार मिमी. ची धार लागते. तेथे टाकाची निब झरणीपेक्षा सोयीची व स्वस्त पडते.

निबांवरील बारीक, मध्यम, जाड ही अक्षरखूण रुंदीचे प्रमाण मानता येत नाही. जपानी निबा त्याच खुणेच्या यूरोपीय निबांपेक्षा सामान्यतः बारीक असतात. शिवाय या खुणांच्या निबांचा मणी गोल असतो. त्यामुळे निब कितीही जाड घेतली तरी रेषा सर्व दिशांना जवळजवळ सारखीच येते. जाडबारीक रेषेसाठी टोक चपटे हवे. कोपरे गोलसर केलेल्या चपट्या निबेला ‘स्टब’ व धारदार कोपऱ्यांच्या निबेला ‘इटॅलिक’ म्हणतात. इटॅलिकने भेद अधिक स्पष्ट येतो, पण वेगाने लिहिताना तिचे कोपरे कागदाला ओरखडतात. रोजच्या लेखनाला स्टब व सावकाश लेखनाला इटॅलिक, असा विवेक ठेवणे बरे.

त्यानंतर छाट पाहावी. निब तोंड पुढे करून वरून पाहिली असता तिरप्या निबेची धार पावलाच्या बोटांच्या रांगेसारखी दिसते. डाव्या पावलासारखी, म्हणजे उजवे टोक लांब असलेली धार रोमन लिपीसाठी, आणि उजव्या पावलासारखी, म्हणजे डावे टोक लांब असलेली देवनागरीसाठी, अशी खूणगाठ बांधावी. दुकानांत पहिली छाट अधिक सहज मिळते, दुसरी क्वचित. उजव्या हाताने लिहिणाऱ्याच्या मुठीतील पेन स्वभावतः उजव्या खांद्याकडे झुकते व त्यामुळे सरळ छाटीची धारही रोमन कोनातच बसते. तो मोडण्यासाठी कोपर शरीराजवळ घेऊन पेन छातीच्या दिशेला आणावे आणि कागदाचा वरचा भाग किंचित डावीकडे कलवावा. उरलेला कोन तिरप्या छाटीने भरून निघतो. डावखुऱ्या व्यक्तीची गोष्ट वेगळी आहे. हात ओळीच्या खाली ठेवून लिहिल्यास तिच्या पेनाचा कल उलट बाजूला असतो आणि सरळ छाटीची साधी निबही आपोआप देवनागरीला हवा तोच कोन घेते. शाळेत ज्या मुलांचा डावा हात सक्तीने सोडविला जाई, त्यांच्याकडून या लिपीचा एक नैसर्गिक लाभच काढून घेतला जात होता. ओली शाई हाताने पुसली जाण्याची अडचण मात्र डावखुऱ्यांना असते. लवकर वाळणारी शाई वापरून ती कमी करता येते.

हवी ती छाट न मिळाल्यास जाड मण्याची निब बारीक कणांच्या दगडावर पाणी घालून, हलक्या हाताने घासून चपटी व तिरपी करता येते. मात्र मण्याचा कठीण धातू संपून खालचे पोलाद उघडे पडले, तर निब काही महिन्यांतच झिजते. म्हणून अशा निबेची रुंदी मण्याच्या रुंदीहून अधिक होऊ शकत नाही. घासताना दोन्ही पायांची उंची एकसारखी राहते की नाही, हे भिंगातून वारंवार पाहणे आवश्यक असते. पाय वरखाली झाले की एका दिशेने निब गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करकरीत चालते. नवशिक्याने हा प्रयोग टाकाच्या निबेवर करावा.

धार जितकी रुंद तितकी शाई अधिक लागते, त्यामुळे सडपातळ जिभेचे पेन रुंद निबेला पुरे पडत नाही आणि लांब शिरोरेषेच्या शेवटी रेषा फिकी होते. निब बदलताना जिभेसह पूर्ण संच बदलणे म्हणूनच श्रेयस्कर. काजळाची किंवा लाखयुक्त शाई झरणीत भरू नये. तिचे कण व लाख वाळून खाचा बंद करतात. ती टाकासाठीच ठेवावी. झरणीला पाण्यात विरघळणाऱ्या रंगद्रव्याची शाई योग्य. कागद घट्ट खळ दिलेला असावा, नाहीतर शाई तंतूंच्या बाजूने फुटते व बारीक रेषाच नाहीशी होते. समुद्रकाठच्या दमट हवेत, विशेषतः जून ते सप्टेंबर या महिन्यांत, चांगला कागदही सर्द होऊन हाच दोष दाखवितो. अशा दिवसांत लागणारा कागद बंद पेटीत ठेवून लिहिण्यापूर्वीच बाहेर काढावा आणि एकदोन अंशांनी बारीक निब वापरावी; पाऊस ओसरल्यावर पुन्हा नेहमीच्या रुंदीकडे येता येते.